इंजिनाचे मिसिंग आणि मुका झालेला स्कॅनर-पोर्ट : २००९ ची पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक

कृष्णाकाठ (सातारा)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००९ सालची, युरोपीय बनावटीची, १.२ लिटर चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. तिचे १,३४,००० किलोमीटर झाले असून २०१६ साली तिला सीएनजी किट बसवले आहे. गेल्या चार महिन्यांपासून ती मिसिंग करते, म्हणजे इंजिन मध्येच अडखळते. सकाळी सुरू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटे इंजिन व्यवस्थित चालते, पण एकदा तापले आणि पोवई नाक्यावर थांबावे लागले की संपूर्ण गाडी थरथरते आणि सायलेन्सरमधून ठरावीक अंतराने ‘फक्-फक्’ असा आवाज येतो. पेट्रोलवर आणि गॅसवर दोन्हीकडे हे होते, गॅसवर थोडे अधिक. खंबाटकीचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये मात्र विशेष तक्रार जाणवत नाही.

जवळच्या गॅरेजमध्ये प्लग बदलले, कॉइल बदलली आणि थ्रॉटल बॉडी साफ केली. एकूण ९,४०० रुपये खर्च झाले आणि फरक काहीच पडला नाही. त्यानंतर गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर लावायचा प्रयत्न केला, तर स्कॅनरचा दिवासुद्धा लागेना. त्यावरून ‘ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) गेला आहे, जुन्या बाजारातून आणावा लागेल, १८,००० रुपये लागतील’ असे मला सांगण्यात आले. ही गाडी वडिलांनी घेतलेली शेवटची गाडी आहे, त्यामुळे ती मोडीत काढायची नाही. पण अंदाजाने सुटे भाग बदलत राहण्याचीही आता तयारी नाही. सुरुवात कोठून करावी, हे कृपया सांगावे.

तारजोडणी (इचलकरंजी)

कृष्णाकाठ, ईसीयूसाठी एक रुपयाही देऊ नका. ज्या गाडीचा ईसीयू गेला आहे तिच्या इंजेक्टरला आणि कॉइलला आज्ञा कोण देणार? तुमची गाडी सुरू होते, चालते, घाट चढते. चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागत असेल आणि इंजिन सुरू झाल्यावर विझत असेल, तर ईसीयू जागा आहे असे समजा. शिवाय इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीरोधक यंत्रणा) असलेल्या गाडीत दुसऱ्या गाडीचा ईसीयू बसवला, तर चावीशी त्याची ओळख जुळवल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही, हे सांगणाऱ्याने तुम्हाला सांगायला हवे होते.

मी २२ वर्षे मोटारींचे वायरिंग करतो. स्कॅनरचा दिवा लागत नाही याचा अर्थ एवढाच, की पोर्टला वीज पोहोचत नाही किंवा अर्थिंग मिळत नाही. डॅशबोर्डखालच्या त्या १६ पिनांच्या पोर्टमध्ये १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीची थेट वीज असते, चावी बंद असली तरीही. पिन ४ हे गाडीच्या सांगाड्याचे अर्थिंग आणि पिन ५ हे संदेशांसाठीचे अर्थिंग. स्कॅनर स्वतःची वीज येथूनच घेतो. पुष्कळ गाड्यांत १६ क्रमांकाच्या पिनेचा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटबरोबर किंवा आतल्या दिव्याबरोबर सामाईक असतो आणि एखाद्या स्वस्त मोबाइल चार्जरमुळे तो उडालेला असतो. म्हणून आधी फ्यूज पाहा. नुसता डोळ्यांनी नको, काढून मल्टिमीटरने तपासा.

त्यानंतर तीन मोजमापे घ्या. पिन १६ आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये किती व्होल्ट आहेत, पिन १६ आणि पिन ४ मध्ये किती, आणि पिन १६ आणि पिन ५ मध्ये किती. मल्टिमीटरची जाड टोके पोर्टच्या पिनांत खुपसू नका. त्या आतून फाकतात आणि मग चांगला स्कॅनरही सैल बसतो. बारीक टाचणी किंवा तारेचा तुकडा वापरा. डॅशबोर्डखाली पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

कृष्णाकाठ (सातारा)

फ्यूज शाबूत आहे. पिन १६ ते बॅटरी निगेटिव्ह १२.४ व्होल्ट आहेत. पिन १६ ते पिन ४ मोजले तर कधी १२.१ दिसतात, पण टेस्ट लॅम्प लावला की तो पेटत नाही. पिन ५ चेही तसेच आहे. मल्टिमीटर वीज दाखवतो आणि दिवा मात्र लागत नाही, हे मला समजले नाही.

तारजोडणी (इचलकरंजी)

याच फरकात तुमचे उत्तर आहे. मल्टिमीटर मोजताना जवळजवळ प्रवाहच घेत नाही. त्यामुळे तारेचा एकच धागा शिल्लक असला किंवा जोडाच्या गंजातून थोडासा संपर्क होत असला, तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. टेस्ट लॅम्पला खरा प्रवाह लागतो आणि तो त्या गंजलेल्या जोडातून जाऊ शकत नाही. स्कॅनरचीही तीच अडचण आहे. तुमच्या पोर्टला वीज आहे, अर्थिंग नाही.

पोर्टमधून निघणारी काळी किंवा तपकिरी तार शोधत जा. ती बहुधा डाव्या किंवा उजव्या बाजूला, पायाजवळच्या प्लास्टिकच्या आवरणामागे, पत्र्याला बोल्टने जोडलेली सापडेल. त्या बोल्टवर चार-पाच तारांची कडी एकत्र असतात. जोड साफ केल्यावर टेस्ट लॅम्प पेटता ठेवून पिन ४ आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यातले व्होल्ट मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा कमी असले पाहिजेत. एक प्रश्न आहे, त्याचे उत्तर आठवून द्या : गेल्या काही वर्षांत डॅशबोर्डखाली कोणाचा हात लागला आहे? म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक, जीपीएस, काहीही चालेल.

कृष्णाकाठ (सातारा)

होय. दीड वर्षापूर्वी मूळचा रेडिओ काढून टचस्क्रीनचा म्युझिक सिस्टिम आणि सीटखाली ॲम्प्लिफायर बसवला होता.

आज सकाळी डावीकडचे आवरण उघडले. अर्थिंगचा बोल्ट हाताने फिरत होता. ॲम्प्लिफायरच्या तारेचे कडे सर्वांत खाली, थेट पत्र्यावरच्या रंगावर बसवले होते आणि गाडीची मूळ कडी त्याच्यावर चढवली होती. पावसाळ्यात तेथे ओल येत असावी, कारण कड्यांवर हिरवट थर होता. रंग घासून पत्रा उघडा केला, कडी कानशीने स्वच्छ केली, मूळ तारा खाली घेतल्या, ॲम्प्लिफायरचे अर्थिंग वेगळ्या बोल्टवर नेले आणि वरून ग्रीस लावले. आता टेस्ट लॅम्प पेटतो आणि फरक ०.०६ व्होल्ट आहे.

स्कॅनरचा दिवाही लागला. परंतु त्यापुढे तो ‘वाहनाशी संपर्क नाही’ एवढेच सांगतो. मित्राचा दुसरा स्कॅनर आणला, तोही हेच सांगतो आणि तोच स्कॅनर मित्राच्या गाडीवर मात्र चालतो.

मिडलंड्सकर (बर्मिंगहॅम)

मी मूळचा कराडचा. गेली १४ वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि सुटीच्या दिवशी जुन्या युरोपीय गाड्यांची कामे हौसेने करतो. नव्या म्युझिक सिस्टिमचा उल्लेख वाचला आणि लिहायला बसलो.

तुमच्या गाडीच्या काळातल्या बऱ्याच युरोपीय गाड्या कॅन या दोन तारांच्या जोडणीवर नव्हे, तर के-लाइन नावाच्या एकाच तारेवरून स्कॅनरशी बोलतात. ती तार पोर्टच्या पिन ७ वर येते. ही तार ईसीयूपुरती नसते. एबीएस, एअरबॅग आणि काही गाड्यांत मूळचा रेडिओसुद्धा याच तारेवर असतो, म्हणजे ती रेडिओच्या मागच्या कपलरपर्यंत गेलेली असते. बाजारातला नवा म्युझिक सिस्टिम बसवताना कपलरचा आकार जुळतो, पण त्या जागेवर नव्या सिस्टिमची दुसरीच काहीतरी पिन असते. ती पिन के-लाइनला खाली ओढून धरते. मग संपूर्ण तारच बधिर होते आणि कोणाचाच आवाज कोणाला ऐकू जात नाही. इकडे जुन्या गाड्यांत हा दोष मी स्वतः तीनदा पाहिला आहे.

चावी फिरवून पिन ७ आणि पिन ५ यांच्यातले व्होल्ट मोजा. बहुतेक गाड्यांत ते बॅटरीच्या जवळपास असतात. शून्याच्या आसपास असतील, तर म्युझिक सिस्टिम बाहेर ओढून मागचे सर्व कपलर काढा आणि पुन्हा मोजा. पिन ६ आणि १४ वर तारा असतील, तर तुमची गाडी कॅनवर आहे. मग बॅटरी सोडवून त्या दोन पिनांमधला रोध मोजायचा, तो साधारण ६० ओहम असतो. पण मला वाटते, तुमच्या पोर्टमध्ये त्या जागा रिकाम्या असतील.

कृष्णाकाठ (सातारा)

पिन ६ आणि १४ खरोखरच रिकाम्या आहेत. पिन ७ वर ०.३ व्होल्ट होते. म्युझिक सिस्टिमचे कपलर काढताच ११.९ झाले! स्कॅनर पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला. दीड वर्ष पोर्ट बंद होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. रेडिओच्या कपलरमधली ती एक पिन बाहेर काढून तिच्यावर इन्सुलेशनची नळी चढवली आहे. म्युझिक सिस्टिम व्यवस्थित चालतो आणि पोर्टही चालू आहे. तारजोडणी आणि मिडलंड्सकर, आपले मनापासून आभार. चार महिन्यांत प्रथमच गाडीबद्दल काहीतरी निश्चित कळले.

आता मूळ दोषाबद्दल. ईसीयूमध्ये एकही दोष नोंदलेला नाही, मिसिंगचे पी ०३०० किंवा पी ०३०१ ते ०३०४ यांपैकी काहीच नाही. पेट्रोलवर, तापलेल्या इंजिनात, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती, म्हणजे ईसीयूने स्वतःहून वाढवलेले पेट्रोल, अधिक १३ टक्के दिसते. २,५०० आरपीएमवर धरले की ती अधिक ३ वर येते. इंजिन मिसिंग करत असताना दोष नोंदला कसा जात नाही?

पाना१२ (सोलापूर)

आपल्याकडे ईसीयूने स्वतःचे दोष नोंदवण्याचे बंधन टप्प्याटप्प्याने आले. भारत स्टेज ४ च्या गाड्यांना पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला, आणि मिसफायरवर (म्हणजे मिसिंगवर) लक्ष ठेवणे हे दुसऱ्या टप्प्यातले काम. तुमची गाडी २००९ ची, म्हणजे दोन्हींच्या आधीची आहे. पोर्ट आहे, के-लाइन आहे, पण मिसफायर मोजण्याची व्यवस्था भारतासाठीच्या ईसीयूमध्ये चालू ठेवलेली असेलच असे नाही. तेव्हा दोष नोंदलेला नाही म्हणून मिसिंग नाही, असा अर्थ कृपया काढू नका.

तुमच्या आकड्यांवरून मला तरी इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांत, कोठून तरी बाहेरची हवा खेचली जात असावी असे वाटते. आयडलला दुरुस्ती जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी, ही त्याचीच खूण आहे. मॅनिफोल्डचे गॅस्केट आणि ब्रेक बूस्टरचा पाइप पाहा. सीएनजीसाठी मॅनिफोल्डला छिद्रे पाडून जे नॉझल बसवतात, तेही सैल होतात.

दुरुस्तीवही (नाशिक)

मी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक या व्यवसायाचा निदेशक होतो, आता निवृत्त आहे. पाना१२ यांचे निदान चुकीचे म्हणता येणार नाही, पण त्या आकड्यांचा आणखी एक अर्थ निघतो आणि तो तपासल्याशिवाय गॅस्केट खोलू नये.

एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण जळलेच नाही, तर त्यातला प्राणवायूही न वापरता तसाच बाहेर पडतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर फक्त प्राणवायू मोजतो. तो जास्त दिसला की ईसीयू ‘पेट्रोल कमी पडते आहे’ असे समजून ते वाढवतो. म्हणजे अधिक १३ टक्के हे मिसिंगचे कारण नसून परिणामही असू शकेल. आरपीएम वाढल्यावर मिसिंग थांबत असेल, तर हा आकडाही आपोआप खाली येईल. स्कॅनर येथपर्यंतच नेतो, पुढचे काम हाताने करायचे आहे.

कृष्णाकाठ, तुमच्या पहिल्याच लिखाणात एक वाक्य आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले : घाट चढताना तक्रार नाही. ठिणगी कमजोर असेल तर इंजिनावर भार आल्यावर ती आधी हरते, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला अधिक व्होल्टेज लागते. गॅसवर तर त्याहूनही अधिक लागते. तुमचे उलट आहे. घाटात इंजिन खणखणीत चालते आणि आयडलला अडखळते. दाब गळणाऱ्या सिलिंडरचे वागणे असे असते. आयडलला पिस्टन सावकाश वर येतो, गळायला वेळ मिळतो. इंजिन वेगात फिरू लागले की तेवढा वेळच मिळत नाही. पुन्हा, थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड! तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागात, फट उरली नसेल, तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. नऊ वर्षे सीएनजीवर चाललेल्या, यांत्रिक टॅपेटच्या इंजिनात ही शंका मी सर्वांत आधी घेईन.

हे क्रमाने करा. इंजिन तापवून आयडलला ठेवा, गाडी पेट्रोलवर असू द्या आणि एकेका इंजेक्टरचा कपलर काढून परत लावा. ज्या सिलिंडरचा कपलर काढल्यावर इंजिनात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. प्लगच्या वायरी चालू इंजिनात ओढू नका. त्यात हाताला झटका बसतोच, शिवाय न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजतो. तुमच्या इंजिनात एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला ठिणगी देत असावी. जोडीतले दोन्ही सिलिंडर मेलेले निघाले तर संशय कॉइलवर, एकच निघाला तर प्लग, वायर, इंजेक्टर किंवा दाब. मग त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर सरकतो की जागेवरच राहतो, ते पाहा. वायर आणि इंजेक्टरचेही तसेच करा. जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा.

कोणाकडे व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारे उपकरण) असेल तर तेही लावा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवते आणि उंचीनुसार हजार फुटांमागे सुमारे एक इंच कमी होते. सातारा ७०० मीटरहून उंच आहे, म्हणून दोन-अडीच इंच वजा धरा. मॅनिफोल्ड हवा खेचत असेल, तर काटा खाली पण स्थिर राहतो. एखादा व्हॉल्व्ह गळत असेल, तर काटा ठरावीक अंतराने टिचकी मारल्यासारखा खाली येतो. आमच्या दोघांच्या तर्कांचा निवाडा ते एक उपकरण पाच मिनिटांत करील.

कृष्णाकाठ (सातारा)

आठवडाभराने लिहितो आहे. दुरुस्तीवही सरांनी सांगितलेला क्रम मी कागदावर उतरवून घेतला आणि दुसऱ्या एका गॅरेजमध्ये, तेथील ज्येष्ठ मेकॅनिकच्या शेजारी उभा राहून, त्याप्रमाणे करून घेतला.

सिलिंडर १, २ आणि ४ चे कपलर काढले की इंजिन स्पष्टपणे खाली बसत होते. ३ चा काढल्यावर फरक पडला नाही. प्लग, वायर आणि इंजेक्टर यांची अदलाबदल करूनही मिसिंग ३ वरच राहिले. व्हॅक्यूम गेजचा काटा १६ वर होता आणि घड्याळासारखा नियमित झटका देत होता. मग चारही प्लग काढून, इंजेक्टर आणि कॉइलचे कपलर सोडवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन घेतले : १२.४, १२.१, ७.६ आणि १२.२ किलो. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घेतले, तर ७.८. मेकॅनिककाका म्हणाले, ‘रिंगा असत्या तर ऑइलने आकडा चढला असता. हे वरचे काम आहे, व्हॉल्व्हचे.’ त्यांनी प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा दिली आणि मला सायलेन्सरशी कान लावायला सांगितले. हवेची फुसफुस तेथे ऐकू येत होती.

पाना१२ (सोलापूर)

मॅनिफोल्डचा माझा अंदाज चुकला हे मान्य करतो. ऑक्सिजन सेन्सरविषयी दुरुस्तीवही यांनी लिहिले आहे ते मी आजवर उलटेच वाचत होतो, आणि त्यापायी गिऱ्हाइकांची दोन-तीन गॅस्केट तरी विनाकारण बदलली असतील. टॅपेटची मापे कळवा.

कृष्णाकाठ (सातारा)

इंजिन रात्रभर थंड होऊ दिले आणि आज व्हॉल्व्ह कव्हर उघडले. एक्झॉस्टच्या चार व्हॉल्व्हपैकी तीन पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडे टाइट होते. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टमध्ये ०.०५ मिलिमीटरचे, म्हणजे फिलर गेजमधले सर्वांत पातळ पातेही शिरले नाही. इनटेकचे चारही मापात होते. पातळ शिम (फट जुळवण्याच्या चकत्या) पुण्याहून मागवून बसवल्या आणि सर्व मापे पुस्तिकेप्रमाणे केली. त्यानंतरचे कॉम्प्रेशन १२.४, १२.२, ११.३ आणि १२.२ आहे. तापलेल्या इंजिनात आयडलची दुरुस्ती अधिक २ टक्क्यांवर आली. पोवई नाक्यावर आज तीन मिनिटे थांबलो, पाण्याचा पेला डॅशबोर्डवर ठेवला असता तरी हलला नसता. शिम, गॅस्केट आणि मजुरी मिळून ३,८०० रुपये झाले.

आता एकच शंका आहे. तिसरा सिलिंडर अजून ११.३ वरच आहे. हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग करून घ्यावे का? आणि सीएनजी वापरणे थांबवावे का?

दुरुस्तीवही (नाशिक)

हेड आत्ता उतरवू नका. बंद न होणाऱ्या व्हॉल्व्हच्या कडेवर जळकी रेघ पडते, ती किती खोल आहे हे अजून कळायचे आहे. हजार किलोमीटर चालवून कॉम्प्रेशन पुन्हा घ्या. ११ च्या वर टिकले तर तसेच राहू द्या, खाली घसरू लागले तर व्हॉल्व्ह जळाला आहे असे समजून हेड उतरवा.

सीएनजी थांबवण्याची गरज नाही, पण तो कोरडा वायू आहे हे लक्षात ठेवा. पेट्रोलचा ओलावा व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीला जो थोडा थंडावा देतो, तो गॅसवर मिळत नाही. बैठक हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांत टॅपेट सैल होऊन वाजायचे आणि मालकाला कळायचे. ही फट मात्र आवाज न करता मिटते. म्हणून दर २०,००० किलोमीटरला फट मोजून घ्या आणि मोजलेले आकडे तारखेसह लिहून ठेवा. तिसऱ्या एक्झॉस्टची फट किती वेगाने मिटते आहे ते दोन नोंदींतच दिसेल.

तारजोडणी (इचलकरंजी)

माझी एक विनंती. रेडिओच्या कपलरमधली कोणती पिन काढली, तिच्या तारेचा रंग कोणता आणि अर्थिंगचा बोल्ट नेमका कोठे आहे, हे कागदावर लिहून पोर्टच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढे कोणी म्युझिक सिस्टिम बदलला, तर ती पिन तो पुन्हा जागेवर बसवील आणि पोर्ट परत मुका होईल.

कृष्णाकाठ (सातारा)

लिहून चिकटवले. टॅपेटच्या आठही मापांची वही ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवली आहे. १,३५,००० ला कॉम्प्रेशन घेऊन येथेच आकडे देतो.